ब्लूज ज्युनिअरचा आवाज बसलाय, पाचही ट्यूब बदलायच्या का?

तुमच्या फेंडर ब्लूज ज्युनिअर या गिटार अ‍ॅम्पचा आवाज बसका झालाय, मधूनच करकर होते आणि दुकानदार म्हणतो पाचही ट्यूब (आवाज वाढवणारे काचेचे व्हॉल्व्ह) बदला. माझं स्पष्ट मत: आत्ताच बदलू नका. आधी दोषी ट्यूब शोधा. त्याला वेळ फारसा लागत नाही आणि खर्च तर काहीच नाही.

सुरुवातीला केबल, गिटारचा जॅक आणि पेडल्स बाजूला काढा. गिटार न लावताही करकर येत असेल, तरच अ‍ॅम्पकडे वळा. नुसती नॉब फिरवताना खरखर होत असेल तर बहुधा तो पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) मळलाय, ट्यूबचा सहसा संबंध नसतो.

तुमच्या अ‍ॅम्पमध्ये तीन १२एएक्स७ ट्यूब प्रीअ‍ॅम्पमध्ये (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) आणि दोन ईएल८४ ट्यूब पॉवरला (स्पीकर चालवणारा भाग) आहेत. झिजतात त्या मुख्यतः ईएल८४, कारण स्पीकर हलवणारा करंट त्यांच्यातून जातो. नियमित वाजवणाऱ्याला त्या एक-दोन वर्षांत बदलाव्या लागू शकतात. १२एएक्स७ मात्र कितीतरी वर्षं टिकतात. म्हणून हळूहळू बसलेला आवाज, ढिला बेस आणि बोथट झालेली ट्रेबल असेल तर संशय ईएल८४ वर. करकर किंवा शिट्टी असेल तर बहुतेक वेळा एखादी १२एएक्स७ निघते.

अ‍ॅम्प चालू ठेवून आइस्क्रीमच्या लाकडी काडीने एकेक ट्यूब हलकेच टिचकवा. इनपुटजवळची पहिली ट्यूब थोडी टकटक करणारच, ती खराब नसते. घंटेसारखा नाद घुमत राहिला किंवा करकर सुरू झाली, तर तीच गुन्हेगार. तरीही कळलं नाही तर अ‍ॅम्प बंद करा, ट्यूब गार होऊ द्या, पहिली काढून पुन्हा चालू करा. आवाज थांबला तर दोष तिच्यात किंवा तिच्या सॉकेटमध्ये. ईएल८४ च्या लगतची तिसरी काढूनही आवाज राहिला, तर तो ईएल८४ किंवा पॉवर सप्लायमधून येतोय. सॉकेटला कमी लेखू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत पिनांवर ऑक्साइडचा थर चढतो. पिनांना काँटॅक्ट क्लीनर लावून ट्यूब दोन-तीनदा आतबाहेर केली की बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

आता ईएल८४ पाहा. मधला नारिंगी उजेड हा हीटरचा, तो हवाच. काचेच्या आत निळसर झाक दिसली तरी घाबरू नका. पण आतली राखाडी धातूची प्लेट लाल होत असेल तर त्याच क्षणी अ‍ॅम्प बंद करा. गार झाल्यावर दोन्ही ईएल८४ ची अदलाबदल करा आणि पुन्हा थोडाच वेळ पाहा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब संपलीय. त्याच सॉकेटवर राहिली तर सर्किटमध्ये दोष आहे, बहुधा एखादा गळका कपॅसिटर. नवीन ट्यूब लावली तर तीही जळेल. काचेच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब फेकूनच द्या.

ईएल८४ नेहमी मॅच्ड (मोजून एकसारख्या निवडलेल्या) जोडी म्हणूनच घ्या. १२एएक्स७ सुटी चालते, आणि ईसीसी८३ म्हणजे तीच ट्यूब, त्यामुळे दुकानात नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका. काढताना प्लग भिंतीतून काढलेला हवा. ट्यूब किंचित डोलवत सरळ ओढा, पिळू नका. लावताना नऊ पिनांमधली मोठी फट जुळवा; वाकलेली पीन आधी सरळ करा. स्पीकरची तार सुटलेली असताना अ‍ॅम्प कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

या अ‍ॅम्पमध्ये बायस (गिटार वाजत नसतानाही पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा याची सेटिंग) जुळवायचा पॉट नाही आणि मूळ बायस बराच गरम, म्हणजे जास्त करंटचा, ठेवलेला असतो. त्यामुळे नवीन जोडी लावल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं प्लेटकडे लक्ष ठेवा. बायस थंड करायचा असेल तर रेझिस्टर बदलावा लागतो, ते काम तंत्रज्ञाकडेच द्या. चॅसीच्या (सर्किट बसवलेल्या धातूच्या पेटीच्या) आत तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकतो.

बदलायचीच वेळ आली तर तुमच्या वर्णनावरून मी पाचांऐवजी एक मॅच्ड जोडी आणि एकच सुटी १२एएक्स७ घेतली असती. काडीने टिचकवल्यावर कोणती ट्यूब बोलली ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.