पंपाच्या रीसर्क्युलेशन लाइनच्या (पंपाचं थोडं पाणी टाकीत परत नेणाऱ्या पाइपाच्या) ऑरिफिसचं, म्हणजे दाब पाडणाऱ्या भोकाच्या प्लेटचं, भोक किती ठेवायचं?

सर्वात आधी पंपाच्या कर्व्हवर (फ्लो आणि हेडच्या आलेखावर) मिनिमम फ्लोला, म्हणजे पंपाला सुरक्षित चालायला लागणाऱ्या किमान फ्लोला, हेड (मीटरमध्ये मोजलेला दाब) किती आहे ते बघा. बरेच जण इथे रेटेड पॉइंटचं (पंप ज्या नेहमीच्या फ्लोसाठी निवडला त्याचं) हेड घेतात आणि तिथेच गणित चुकतं, कारण डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद असताना हेड त्याहून जास्त असतं.

समजा पाणी आहे, मिनिमम फ्लो ताशी 20 घनमीटर आणि त्या फ्लोला हेड 120 मीटर. टाकीची उंची व पाइपातला लॉस मिळून 10 मीटर वजा केले की ऑरिफिसवर 110 मीटर उरतात. वेग = √(2 × 9.81 × 110), म्हणजे सेकंदाला साधारण 46.5 मीटर. डिस्चार्ज कोएफिशियंट (भोकातून प्रत्यक्ष जाणारा फ्लो भागिले हिशेबाने येणारा फ्लो) 0.62 धरला तर भोक साधारण 15.7 मिमी येतं.

पण एवढ्यावर प्लेट कापायला देऊ नका! टाकी उघडी असेल तर एकाच प्लेटवर हे 110 मीटर, म्हणजे सुमारे 11 बार, पाडल्यावर कॅव्हिटेशन (दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं आणि फुटणं) होणारच; पाइपात खडे घुमल्यासारखा आवाज येतो आणि प्लेटच्या पुढचा एल्बो (पाइपाचं वळण) झिजतो. दोन प्लेट घातल्या तर प्रत्येकीचं भोक सुमारे 18.6 मिमी होतं. त्यातही शेवटच्या प्लेटचं कॅव्हिटेशन वेगळं तपासा. गरज पडली तर मल्टिस्टेज (अनेक टप्प्यांत दाब पाडणारा) ऑरिफिस घ्या.

आणि ही लाइन कायम उघडी राहणार असेल, तर हे 20 घनमीटर पंपाच्या क्षमतेत धरायला विसरू नका.