अँटिबॉडीचे तुकडे आणि एक लाखाचा डिप्लोमा

ताई, तुमचं पत्र मिळालं. डोंबिवलीची तुमची लेक टीवायबीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे आणि तिला अँटिबॉडीच्या, म्हणजे जंतूंना धरणाऱ्या शरीरातल्या प्रोटीनच्या, छोट्या तुकड्यांवर काम करायचंय. एक खासगी संस्था त्याचा सहा महिन्यांचा डिप्लोमा लाखभर रुपयांत देते. तिचे बाबा मात्र म्हणतात, त्यापेक्षा फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामाला, लागू दे.

डिप्लोमाचे पैसे भरू नका. हे काम सहा महिन्यांत हाताखालून जाणारं नाही.

पण मुलीचं खूळ खरं आहे. पूर्ण अँटिबॉडी साधारण 150 किलोडाल्टनची (हे रेणूचं वजन मोजायचं माप). उंटाच्या कुळातल्या प्राण्यांत एक वेगळी अँटिबॉडी सापडते; तिचा लक्ष्याला पकडणारा भाग, म्हणजे नॅनोबॉडी, जेमतेम 15 ची. ती बॅक्टेरियातही बनवता येते. अडचण एवढीच की मूत्रपिंडं तिला झटकन बाहेर टाकतात. म्हणून जपानमध्ये 2022 साली मान्यता मिळालेल्या ओझोरालिझुमॅब या संधिवाताच्या औषधात तीन तुकडे जोडलेत: दोन टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रोटीनला धरून दाह शमवतात, तिसरा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटून औषध टिकवतो. दुसरं उदाहरण आपल्याच मुंबईतलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या, 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार19 उपचारात टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींना, कॅन्सरवर सोडलं जातं. त्यांच्यावर बसवलेला, कॅन्सरच्या पेशींवरची सीडी19 ही खूण ओळखणारा भाग हा अँटिबॉडीचाच तुकडा.

अँटिबॉडीच्या तुकड्यांच्या नावाची पदवी शोधत बसू नका. तिला लागेल ते प्रोटीनचं काम: क्लोनिंग (हवा तो जीन बॅक्टेरियात घालणं), कॉलमवर, म्हणजे गाळणीसारख्या नळीतून, प्रोटीनचं शुद्धीकरण, एलायझा (अँटिबॉडी वापरून करायची चाचणी). (मायक्रोच्या मुलांना बायोकेमिस्ट्री नकोशी असते, हे मी नेहमी पाहते. इथे तिच्यापासून सुटका नाही.) जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर, त्यावर आयआयटीत एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट ही संशोधनासाठीची परीक्षा आणि पीएचडी. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रातही पीएचडी होते. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये अधिक घरभाडं. तरी पदवी हाती येईतो तिशी जवळ येते, हे बाबांना आजच सांगा.

बाबांचंही सगळं चूक नाही. क्यूसी करायचंच तर गोळ्यांच्या कारखान्यात नको, बायोलॉजिक्सच्या, म्हणजे जिवंत पेशींत औषधं बनवणाऱ्या, कंपनीत करू दे. तिथला अनुभव पुढे कामी येतो. आणि उन्हाळ्यात दोन महिने कुठल्या तरी प्रोटीन लॅबमध्ये पाठवा. तीनदा बिघडलेलं शुद्धीकरण चौथ्यांदा स्वतःहून लावलं, तर बाबांशी मी बोलेन.

जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. बारावीचं गणित आणि फिजिक्सही त्यात येतं, तेव्हा जुनी पुस्तकं रद्दीत दिली नसतील तर काढून ठेवा.