लायब्ररी मॅपमधले ठिपके आणि अवतरणचिन्हं

व्हेरिलॉग ही डिजिटल सर्किटचं वर्णन लिहायची भाषा, आणि कोडची कुठली फाइल कुठल्या लायब्ररीत (गटात) जाते हे फाइलींच्या पत्त्यांवरून, म्हणजे पाथवरून, सांगणारी फाइल म्हणजे लायब्ररी मॅप. तिच्याबद्दलचा प्रश्न असा आहे: ‘व्हेरिलॉगच्या लायब्ररी मॅप फाइलीत पाथ लिहिताना कुठे एक ठिपका असतो, कुठे दोन, कुठे तीन. तीन ठिपके म्हणजे ‘वगैरे’ समजायचं का? आणि पाथ अवतरणचिन्हांत घालायचा की तसाच ठेवायचा?’

‘वगैरे’ नाही. मराठी गद्यात तीन ठिपके दिले की उरलेलं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. इथे समजून घेण्यासारखं काही ठेवलेलं नाही. तीन ठिपके म्हणजे मधली फोल्डरं, ती एकात एक कितीही खोल असोत. ‘/प्रोज/.../*.व्ही’ असं लिहिलं की प्रोजच्या पोटातल्या फोल्डरांमधल्या व्ही शेपटीच्या सगळ्या फाइली आल्या. स्टार म्हणजे कुठलीही, कितीही अक्षरं. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ती रोमनमध्येच टाइप करायची.) दोन ठिपके म्हणजे एक पायरी वरचं फोल्डर, हे सगळ्यांना माहीत असतं.

चकवतो तो एकटा ठिपका. टर्मिनलवर ‘.’ म्हणजे आपण सध्या ज्या फोल्डरात आहोत ते. लायब्ररी मॅपमध्ये मात्र ‘.’ म्हणजे ती मॅप फाइल जिथे ठेवली आहे ते फोल्डर, मग कंपायलर तुम्ही कुठूनही चालवा. स्लॅशने सुरू न होणारे सगळे पाथ तिथूनच मोजायचे. त्यात भर म्हणजे दुसरी फाइल आत ओढून घेणारे ‘इन्क्लूड’ दोन आहेत. मॅप फाइलीतला साधा इन्क्लूड पाथ मोजतो तो ज्या फाइलीत लिहिला आहे तिच्या जागेपासून. डिझाइनच्या कोडमधला बॅकटिकवाला (`) इन्क्लूड, नाव दुहेरी अवतरणांत असेल तर, कंपायलर जिथून चालवला त्या फोल्डरात शोधतो आणि शिवाय तुम्ही सांगितलेल्या जागी. नाव एकच, आधी एवढासा बॅकटिक, आणि मोजणी वेगळ्याच ठिकाणापासून. मला विचाराल तर नामकरणातला हा निव्वळ आळस आहे.

आता अवतरणचिन्हं. लायब्ररी आणि कॉन्फिगरेशनचा हा भाग आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १३६४ मानकात २००१ साली आला, आणि २००९ साली व्हेरिलॉग त्याच्याच विस्तारित रूपाच्या, सिस्टिमव्हेरिलॉगच्या, १८०० क्रमांकाच्या मानकात विलीन झाल्यावर तिथे गेला. पाथ कसा लिहायचा याबद्दल मानक म्हणतं की ज्या त्या फाइल सिस्टिमच्या पद्धतीने लिहा. त्याचं स्वतःचं व्याकरण दिलेलं नाही. उदाहरणांतही एकवाक्यता नाही, काही पाथ दुहेरी अवतरणांत आहेत तर काही उघडे. म्हणजे दोन्ही चालायला हवं.

पण उघडा पाथ एका जागी पाय घसरवतो. ‘./*.व्ही’ पुन्हा नीट पाहा. स्लॅश आणि लगेच स्टार, ही तर व्हेरिलॉगमध्ये कॉमेंटची सुरुवात! वाचणारं टूल पाथच्या बाबतीत सावध नसेल, तर तिथून पुढे स्टार-स्लॅश भेटेपर्यंतचा सगळा मजकूर, अर्धविरामासकट, कॉमेंट म्हणून गिळेल. ‘/.../*.व्ही’लाही हाच धोका. म्हणून वाइल्डकार्ड, म्हणजे स्टारसारखं काहीही चालवून घेणारं चिन्ह, असेल तिथे अवतरणचिन्हं घालाच. नुसतं ‘*.व्ही’ लिहिलं तरी भागतं, कारण ते आणि ‘./*.व्ही’ एकच, असं मानकच सांगतं. विंडोजवरही सरळ स्लॅशच वापरा, कारण अवतरणांत उलट्या स्लॅशपुढे टी आला तर त्याचा टॅब होण्याची भीती असते.

प्रश्नात नव्हतं, पण ठिपके आणि स्टार वापरले की लगेच उभं राहतं ते सांगतो. एकच फाइल दोन लायब्रऱ्यांच्या पाथमध्ये बसली तर ती कोणाची? आधी पूर्ण नाव दिलेला पाथ, मग वाइल्डकार्डने संपणारा, आणि नुसत्या फोल्डरचा सगळ्यात शेवटी. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना उत्सर्ग आणि अपवाद आठवतील: विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो. पण दोन्ही पाथ तुल्यबळ असले तर? पाणिनीकडे ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ आहे, परंपरागत अर्थाने नंतरचा नियम जिंकतो. व्हेरिलॉगमध्ये नंतरच्याला असा मान नाही. एका लायब्ररीला ‘अ‍ॅडर*.व्ही’ आणि दुसरीला ‘*टॉप.व्ही’ दिलंत, आणि ‘अ‍ॅडरटॉप.व्ही’ नावाची फाइल समोर आली, तर सरळ एरर. ओळींचा क्रम बदलून उपयोग नाही. त्या फाइलीचं पूर्ण नाव एका लायब्ररीच्या यादीत घाला, की भांडण मिटलं.

आणि कुठल्याच पाथमध्ये न बसलेली फाइल? ती ‘वर्क’ नावाच्या लायब्ररीत जाते, आणि मानकाच्या दृष्टीने ती चूक नसते. त्यामुळे पाथमधला एखादा ठिपका चुकला, की तुमची फाइल आधी ‘वर्क’मध्ये शोधा.