पट्टे पायाला, आराम छातीला

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. बाबा ६८ वर्षांचे आहेत, १२ वर्षांपूर्वी बायपास झाली, नंतर दोन स्टेंट टाकले, तरी आता एक जिना चढला की छाती भरून येते आणि जिभेखाली गोळी ठेवावी लागते. सर्जन म्हणतात परत बायपास नको, नसा फार बारीक झाल्यात. एका नातेवाइकांनी ईईसीपी नावाचा मशीनचा उपचार सुचवलाय, पायाला पट्टे बांधून ब्लॉकेज विरघळतात म्हणे. खरंय का?

उत्तर : नाही, ब्लॉकेज विरघळत नाही. कोर्स संपल्यावर अँजिओग्राफी केली तर ते होतं तिथेच दिसेल. 'नैसर्गिक बायपास' हे जे गोंडस नाव चिकटवतात ना, त्याचा मला तर रागच येतो. पण म्हणून उपचार फालतू आहे असं समजू नका, खरं सांगायचं तर तो तुमच्या बाबांसारख्यांसाठीच आहे, म्हणजे औषधं पूर्ण चालू आहेत, चिरफाड आता शक्य नाही आणि तरी दुखणं काही जात नाही अशांसाठी.

त्याचं काय आहे, हृदय आवळतं तेव्हा सगळ्या अंगाला रक्त पोचवतं, पण त्याच्या स्वतःच्या नसा मुख्यतः ते सैल पडल्यावर भरतात. मशीन नेमका तोच क्षण पकडतं. पोटऱ्या, मांड्या आणि कुल्ल्यांना बीपीच्या पट्ट्यासारखे मोठे पट्टे, छातीवर ईसीजीच्या वायरी, आणि दर ठोक्याला हृदय सैल पडलं की पट्टे खालून वर एकामागून एक फुगतात, टूथपेस्टची ट्यूब तळापासून दाबत आणावी तसं, आणि पुढचा ठोका पडायच्या आत सगळे एकदम सुटतात. रक्त हृदयाकडे ढकललं जातं, शिवाय पट्टे सुटल्यामुळे हृदयाला पुढचा ठोका मारायला जोरही कमी लागतो. रोज १ तास, आठवड्याचे ५ दिवस, ७ आठवडे, असे ३५ तास. सारखं असं झाल्याने नसांचं आतलं अस्तर सुधारतं आणि ब्लॉकेजला वळसा घालणाऱ्या बारीक आडवाटा जास्त वापरात येतात असं मानतात, म्हणून कोर्स संपल्यावरही बऱ्याच जणांचा आराम काही महिने तरी टिकतो.

पुरावा म्हणाल तर १९९९ साली मस्ट-ईईसीपी नावाचा अभ्यास आला, १३९ पेशंट, काहींना खरा दाब आणि काहींना नुसता नावापुरता. खऱ्या दाबवाल्यांना छातीत दुखण्याचे झटके कमी आले आणि ट्रेडमिलवर ईसीजी बिघडायला जास्त वेळ लागला, पण एकूण किती वेळ चालले यात मात्र दोन गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. हार्ट अटॅक टळतो किंवा आयुष्य वाढतं याचा पुरावा नाही. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही 'विचार करायला हरकत नाही' एवढंच म्हणतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

सुरू करण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, झडप जास्त गळत असेल, महाधमनीला फुगा असेल, पायात रक्ताची गुठळी असेल किंवा पायाच्याच नसा खूप बंद असतील तर हे करायचं नाही. ठोके फार अनियमित असतील तर मशीनला वेळच साधता येत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा, पायावर काळेनिळे डाग पडू शकतात.

आणि एक बारीकशी गोष्ट जी कुणी सांगत नाही : मशीनवर आडवं व्हायच्या आधी बाबांना लघवीला जाऊन यायला सांगा, तासभर खालून दाबल्यावर मध्येच उठायची वेळ येते. आत घट्ट, शिवण नसलेली पँट घालायची, एक सुरकुती राहिली तरी चौथ्या दिवशी कातडी सोलवटलेली असते.

प्रश्न : मला ५४ व्या वर्षी हृदयाच्या डाव्या मुख्य नसेत ७० टक्के ब्लॉक निघालाय, बायपास सांगितली आहे. भीती वाटते. त्याऐवजी हे पट्टे चालतील?

उत्तर : नाही चालणार. त्या एका नसेवर हृदयाचा मोठा भाग जगतो आणि तिथे बायपासने आयुष्य वाढतं हे सिद्ध झालंय, पट्ट्यांनी नाही. भीती वाटणारच, हवं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, पण याच आठवड्यात घ्या. आणि मधल्या काळात बसल्याजागी छातीत दुखायला लागलं तर कुठल्याही ईईसीपी सेंटरचा नंबर शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.