लोटे सोडण्याआधी: मेकॅनिकलमधून नेटवर्किंगकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलची डिग्री, कोकणातल्या लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत मेंटेनन्सला पाच वर्षं, आणि आता नोकरी सोडून पुण्याला नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा क्लास लावू का?

नेटवर्किंगमध्ये जरूर या. नोकरी मात्र इतक्यात सोडू नका. मीही मेकॅनिकलचाच. अकरा वर्षांपूर्वी उडी मारली तेव्हा पगार २४ हजारांवरून १३ हजारांवर आला आणि वडील दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. ती घाई मला महागात पडली.

मागची पाच वर्षं पाण्यात जातील ही तुमची धास्ती मात्र काढून टाका. गुहागरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये पावसाची सर आली की मागच्या खोल्यांचं नेट जायचं. मालकाने राऊटर दोनदा बदलून घेतला होता. मी स्विचमध्ये (नेटच्या सगळ्या वायरी जोडतात त्या डब्यात) लॉगिन केलं, मागच्या खोल्यांची वायर लागते त्या पोर्टवरचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या डेटाचा, आकडा वहीत टिपला आणि चहा घेत सरीची वाट बघत बसलो. सर आली, आकडा भराभर चढला. राऊटर बिचारा निर्दोष! वायर धरून वाडीतून चालत गेलो तर पोफळीला बांधलेला एक जोड सापडला, वर नुसती चिकटपट्टी. सोडला तर आत तांबं हिरवंगार. त्यात वायर भरली १३० मीटर. इथरनेटच्या तांब्याच्या वायरीला हद्द १०० मीटरची. मग तिथे फायबर टाकली. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या गडगडाटात त्या वाटेने स्विच जळायची भीतीही गेली.

पंपाचं बेअरिंग तापलं की तुम्ही असंच एकेक टप्पा वेगळा काढून बघता ना? नव्या पोरांना कमांड तोंडपाठ असतात, पण जागेवर जाऊन वायर हातात घ्यायचा त्यांना कंटाळा. आपल्याकडे खारा वारा, जांभ्यातली खोदाई आणि विजेचा लपंडाव असताना निम्मं काम तिथेच असतं.

अभ्यासाला सिस्को या नेटवर्किंग कंपनीचा सीसीएनए हा पायाभूत प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम घ्या, परीक्षेचा क्रमांक २००-३०१. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. सरावासाठी त्यांचं पॅकेट ट्रेसर (लुटुपुटूचं नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटणं, कागदावर करा, कॅल्क्युलेटर नको. /२६ आकाराचा गट म्हटला की ६४ पत्ते, त्यातले वापरायला ६२, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं. मग व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडणं), ओएसपीएफ (राऊटर आपापसांत वाटा ठरवतात ती पद्धत). रोज पहाटे एक तास दिलात तरी आठ-नऊ महिन्यांत होतं. क्लासने फार तर शिस्त लागते.

आणि तुमच्याच आवारात एक खजिना पडलाय. प्लांटमधले पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर), स्काडा (त्यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा) आता बरेचदा इथरनेटवर बोलतात. त्यांची एक जुनी भाषा म्हणजे मॉडबस, १९७९ सालचा प्रोटोकॉल. नेटवर्कवर तो ५०२ नंबरच्या पोर्टवर (वायर लागते तो नव्हे, सॉफ्टवेअरमधला) चालतो आणि मूळ रूपात पासवर्ड विचारतच नाही. अशी यंत्रं ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळी ठेवायची असतात. आयटीवाला तिथे बिचकतो, कारण कुठला व्हॉल्व्ह बंद झाला की काय होईल हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांशी दोस्ती करा, पुढच्या शटडाउनला त्यांच्या पॅनेलच्या कामात मदतीला उभे राहा. बायोडेटावर ते एक काम क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा जड भरेल. चालू प्लांटच्या स्विचला मात्र परवानगीशिवाय बोट लावू नका.

पुणं-मुंबई नंतर आहेच. आधी पॅकेट ट्रेसरवर दोन व्हीलॅनची यंत्रं राऊटरमधून एकमेकांशी बोलती करा आणि कुठे अडलात ते इथेच लिहा. बहुतेक ट्रंक पोर्टपाशी (अनेक व्हीलॅन एकाच वायरीतून नेणाऱ्या पोर्टपाशी) अडाल, मीही तिथेच अडलो होतो.