विशेष गरजा असलेल्या मुलासाठी पहिल्यांदाच कॅम्प शोधताय ना? मग एवढंच बघा
घाबरू नका हो, पहिल्या वर्षी आम्हीही नुसते फोटो बघून भाळलो होतो. 'सर्व मुलांचं स्वागत' सगळेच लिहितात, तुम्ही फोन करून सरळ विचारा, एका ताईकडे किती मुलं, औषध कोण देणार, फिट आली तर काय करता, मूल गेटबाहेर पळालं तर? उत्तर देताना अडखळले की समजून जा.

- काही लपवू नका. आम्ही मुलाला टॉयलेटला मदत लागते हे सांगितलं नाही, दुसऱ्याच दिवशी फोन, या घेऊन जा.
- आधी डे कॅम्प (संध्याकाळी मूल घरी), निवासी नंतर.
- जागा पटकन भरतात, लवकर शोधायला लागा.

आणि आधी एकदा जागा दाखवून आणा, आमचा मुलगा तर हँड ड्रायरच्या आवाजानेच कान झाकून कोपऱ्यात बसला होता.