नॅरोबोटवर संसार करायचा म्हणताय, तर

नमस्कार. तुमची नोकरी इंग्लंडमध्ये रेडिंगला, येणं मार्चमध्ये, सोबत नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. तिथली घरभाडी ऐकून तुम्ही विचारलंय की, भाडं भरण्यापेक्षा एखादी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, विकत घेऊन तिच्यातच राहिलं तर? आम्ही दोघं सहा वर्षं इंग्लंडच्या कालव्यांवर राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात उत्तर असं, की आल्या आल्या बोट घेऊ नका. पहिलं वर्ष घरात काढा.

अडचण शाळेची आहे. बोट बांधायची हक्काची जागा, म्हणजे मूरिंग, नसेल तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आणि दोन पुलांमध्ये मागे-पुढे केलं की झालं, असंही नाही. बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते, आणि वर्षभरात वीस मैलांच्या आतच घुटमळणाऱ्या बोटीच्या परवान्याला ते हरकत घेतात. रेडिंगहून निघणारा केनेट अँड एव्हन कालवा थेट ब्रिस्टलकडे जातो, ८७ मैल. थील, ऑल्डरमॅस्टन, थॅचम, न्यूबरी, हंगरफर्ड असं रेल्वेस्टेशन कालव्याच्या जवळच येत राहतं, त्यामुळे बोट कुठेही असली तरी तुमचं ऑफिस जमेल. पण लेकीची शाळा एकाच गावात असणार. सप्टेंबरात चालत दहा मिनिटं, नोव्हेंबरात गाडीने पाऊण तास. त्यात न्यूबरीपर्यंतचा बराच मार्ग म्हणजे केनेट नदीच आहे. पावसाळी हिवाळ्यात तिला जोर चढला की बोट हलवणंच धोक्याचं. हे सगळं टाळायला निवासी मूरिंग लागतं. ती थोडी आहेत, आणि फिरायला येणाऱ्या बोटींच्या मूरिंगवर कायमचं राहायला परवानगी नसते. आधी मूरिंग, मग बोट, हा क्रम सोडू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. बँकेला मात्र पत्ता लागतो, आणि व्हिसावर असताना कंपनीला व होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, चालू पत्ता कळवत राहावा लागतो. नव्या देशात पहिल्याच वर्षी ही ओढाताण कशाला?

आता बोट. रुंदी जेमतेम सात फूट, म्हणजे आपल्या एसटीहूनही अरुंद, कारण १७६० नंतर जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने बांधलेल्या कालव्यांची लॉकं, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, तेवढीच रुंद होती. लांबी ५७ फुटांच्या आसपास घ्या, ती जवळजवळ सगळीकडे जाते. गृहकर्ज मिळत नाही, आणि घराची किंमत वाढते तशी बोटीची वाढत नाही. पाण्याबाहेर काढून सर्व्हे केल्याशिवाय एक पौंडही देऊ नका. आम्हाला आवडलेल्या पहिल्या बोटीला आतून सुंदर लाकूडकाम होतं. विकणारा म्हणाला, तळ ठणठणीत आहे. सर्व्हेअरने पाण्याच्या रेषेजवळ पत्रा मोजला तर मुळात सहा मिलिमीटरचा असलेला पत्रा तीनवर आलेला. विमा कंपन्या साधारण चारच्या खाली कुरकुर करतात. दुरुस्तीत बोटीची निम्मी किंमत गेली असती.

चालू खर्चात परवान्याचे वर्षाला हजार पौंडांच्या वर जातात, मूरिंग नसलेल्यांना एप्रिल २०२४ पासून वर अधिभार. दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी, दोन-तीन वर्षांनी तळाला बिटुमेनचा काळा लेप, शिवाय विमा, डिझेल, कोळसा. भाड्यापेक्षा कमी पडतं, पण उरलेलं अंगमेहनतीने भरावं लागतं. पाण्याची टाकी नळावर जाऊन भरायची, संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, स्वतः उचलून रिकामी करायची. डिसेंबरात सोलर पॅनेल नावापुरतं, त्यामुळे मिक्सर इंजिन चालू असतानाच. आम्ही खोबरं-लसणाचं वाटण आठवड्याचं एकदम करून ठेवतो. सिलिंडर प्रोपेनचाच घ्या, ब्युटेन कडाक्याच्या थंडीत पेटत नाही. पीठ, डाळी, कढीपत्ता लंडनकडे गेलो की अल्पर्टनला भरून घेतो. तिथे ईलिंग रोडची दुकानं कालव्याच्या पुलापाशीच आहेत.

रात्री झोपताना शेगडीत धूर न करणारा कोळसा भरायचा, खालची हवेची खिडकी केसभर उघडी ठेवायची. जास्त ठेवली तर पहाटे तीनला राख, कमी ठेवली तर विझते. हा अंदाज यायला आम्हाला एक हिवाळा लागला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर त्या बोटीत एक रात्रही झोपू नका.

आणि लॉक. रिकामं होणाऱ्या लॉकमध्ये मागच्या दारांखाली पाण्यात दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. भिंतीवर पांढरी खूण असते, बोटीचं शेपूट तिच्या पुढेच राहिलं पाहिजे. मागे राहिलं तर पाणी उतरताना शेपूट उंबऱ्यावर टेकतं, नाक खाली जातं आणि बोट दोन मिनिटांत भरते. आमचं एकदा जेमतेम हातभर मागे राहिलं होतं. मी ओरडले, नवऱ्याने धावत झडपा बंद केल्या. तेव्हापासून पाणी उतरत असताना आम्ही एकमेकांशी दुसरं काही बोलत नाही. लॉकपाशी लेकीच्या अंगात लाइफजॅकेट हवंच.

एवढं असूनही मी परत घरात जाणार नाही. एप्रिलमध्ये खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर बदकाची पिल्लं, समोरच्या फांदीवर खंड्या. डिव्हायझेसजवळ केन हिलची २९ लॉकं आम्ही दिवसभर चढलो तेव्हा पुढच्या बोटीतल्या अनोळखी आजींनी आमच्यासाठी प्रत्येक दार उघडं ठेवलं होतं.

तर येत्या फेब्रुवारीत नाही, पुढच्या फेब्रुवारीत एक बोट आठवडाभर भाड्याने घ्या. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉकं बंद असतात, ते आधी बघून मार्ग ठरवा. लेकीला घेऊन जा, कोळसा, पाणी, कॅसेट सगळं स्वतः करा. सातव्या दिवशीही ती बोटीवरच राहू म्हणाली, तर मला कळवा. सर्व्हेला मी तुमच्याबरोबर येईन.